वेशीचा उतार आणि बिनब्रेकचे गुरुजी

सायकल चालवायला आठ दिवसांत कुणीही शिकतं. थांबवायला शिकलेली माणसं मात्र मला उभ्या आयुष्यात फार थोडी भेटली. संपादकांचा निरोप आला की दिवाळीचा अंक आहे, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, पण लोकांना गोड वाटेल असं लिहा. मी म्हटलं, पंक्चरीत गोड ते काय असणार? तरी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय जायचं नाही असं मी मागंच ठरवलंय, आणि हल्ली गुडघे फार बोलायला लागलेत. तेव्हा सांगून टाकतो.

भोरला वेशीच्या आत माझं सायकलचं दुकान होतं. काळ संस्थानचा, दुसरी मोठी लढाई अजून लागायची होती. आठ सायकली भाड्यानं द्यायचो आणि गावभरच्या दुरुस्त करायचो. मी लोहाराचा मुलगा. ऐरण सोडून सायकलीच्या मागं लागलो तेव्हा वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्यो रबराच्या नादी लागला." म्हणून ते दुकान म्हणजे माझं नुसतं पोट नव्हतं. घरात मान वर करून जेवायची माझी ती एकच सोय होती.

त्या वेळच्या ब्रेकला तार नव्हती. हँडलपासून लोखंडी दांडी खाली जायची आणि तिच्या टोकाला रबराचे दोन तुकडे असायचे. मूठ आवळली की दांडी वर ओढली जायची, रबर रिमला आतून घासायचं आणि चाक थांबायचं. सगळा खेळ कोरड्या घासण्याचा. रबर झिजलं, एखादी पिन निसटली, चिखल बसला, की मूठ नुसतीच आवळली जाते आणि चाक आपल्याच नादात पळत राहतं. त्यात आमचा मुलूख असा की सरळ सपाट रस्ता औषधालासुद्धा मिळायचा नाही.

ब्रेक गेल्यावर माणूस आधी ओरडतो आणि मग उडी मारतो. ओरडायला माझी हरकत नाही. उडी मात्र मारायची नाही. वेग चढायच्या आत, पहिल्या दहा-वीस हातांतच काम करायचं. बूड सीटवर मागं सरकवायचं आणि हँडल धरून ठेवायचं. उजवा पाय पायडलवरून उचलायचा आणि पुढचं चाक ज्या चिमट्यात बसवलेलं असतं त्याच्या मागच्या बाजूनं वहाणेचा तळ टायरला टेकवायचा. दाबून धरायचा नाही. चाक एकदम अडलं तर माणूस हँडलवरून पलीकडं जातो. टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. सायकल रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला नागमोडी न्यायची म्हणजे उतार अर्धा होतो. चालण्याइतका वेग उरला की दोन्ही टाचा जमिनीला घासून उभं राहायचं. आणि यातलं काहीच जमेना, तर बाजूचं नांगरलेलं रान बघून खुशाल आत घुसायचं. ढेकळात पडलेला माणूस उठून धोतर झटकतो, दगडावर पडलेल्याचं काही सांगता येत नाही.

एवढ्यासाठी मी माझ्या आठही सायकलींचं पुढचं मडगार्ड काढून टाकलं होतं. लोक त्यांना 'रामाच्या बोडक्या' म्हणायचे. म्हणोत. शिवाय अनवाणी माणसाला मी सायकल देत नव्हतो. शेतकरी माणूस, पायात काही घालायची सवय नाही, म्हणून जुन्या मोटारीच्या टायरचे तळ ठोकलेल्या वहाणा दुकानात टांगून ठेवल्या होत्या. सायकलीबरोबर वहाणा घ्यायच्याच. आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आधी वेशीबाहेरच्या उतारावर न्यायचं, ब्रेकच्या दांड्या सोडायच्या, खाली रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची आणि सांगायचं, रेघेच्या अलीकडं थांबलास तर सायकल तुझी.

कामथडीचे एक जावईबापू सासुरवाडीला आले होते. म्हणाले, "मला शिकवतोस?" आणि वहाणा न घालता सुटले. रेघ ओलांडून थेट म्हशींच्या डबक्यात. म्हशी उठल्या, जावईबापू तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी गुपचूप वहाणा मागायला आले.

उलट वेल्ह्याकडचा भागू धनगर. हा पहिल्याच दिवशी कॅरियरला करवंदीचा भलामोठा टहाळा बांधून आला.

"ह्ये काय रं?" मी विचारलं.

"मालक, बैलगाडीला उताराला मागं लाकूड बांधत्यात का न्हाई? मग हिला का बांधू नये? तुमचा बिरेक जाईल, माजी झाडी कुठं जाती?"

मोठा उतार आला की भागू मागं टहाळा फरफटत, धुरळा उडवत, निवांत उतरायचा. त्याची परीक्षा मी घेतली नाही. त्याच्याकडून मीच शिकलो, आणि पुढं घाटात जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टहाळा बांधायला सुतळी बरोबर देऊ लागलो.

आता गुरुजी. हे उत्रोलीच्या शाळेत शिकवायचे आणि राहायचे भोरला. रोज सकाळी माझ्याकडची सायकल घ्यायचे, संध्याकाळी आणून ठेवायचे. त्याआधी ते भोरच्या शाळेत होते आणि मी चौथीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकलो. शिकलो कसला, एकोणतीसच्या पाढ्यापायी छड्या खाल्ल्या. तेव्हा तुम्हीच सांगा, त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं म्हणणार, चला गुरुजी, उतारावर परीक्षा द्या? वहाणा पुढं केल्या, तर त्यांनी आपल्या गुळगुळीत पंपशूकडं बघितलं आणि म्हणाले, "रामा, शाळेत जायचंय मला, नांगराला नाही." मी हसलो आणि सोडून दिलं. माझ्या कायद्यातून सुटलेला हा एकच माणूस.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. माझी हत्यारं म्हणजे पाने, हातोडी, पंप आणि आठ सायकली. धुऊन पुसून उभ्या करायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. मला हौस दांडगी. रिमा चांदीसारख्या दिसाव्यात म्हणून मी त्यांना तेलाचा हात द्यायचो. होय, रिमांना. ज्या रिमवर रबर कोरडं घासायला हवं, त्याच रिमला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी रॉकेलच्या चिंधीनं सगळ्या रिमा पुसून काढायचो, मगच सायकली बाहेर द्यायचो. दरवर्षीचा रिवाज होता आणि कधी चुकला नव्हता.

त्या दसऱ्याला उजाडता उजाडता गुरुजी आले. उत्रोलीला मुलांचं पाटीपूजन होतं. मी आत न्याहारीला बसलो होतो. बाहेरून हाक आली, "रामा, नेतो रे." मी आतूनच म्हणालो, "व्हय गुरुजी, न्या." नंतर चिंधी घेऊन बसलो. सात रिमजोड्या पुसल्यावर हात थांबला. आठवी गेली होती.

तेव्हा उठून मागं धावायला हवं होतं. दुसरी सायकल काढून उत्रोली गाठायला मला कितीसा वेळ लागला असता? पण सण होता, घरात पुरणाचा वास सुटला होता. म्हटलं, जाताना चढच आहे, येतील संध्याकाळी, मग पुसू. आज इतकी वर्षं झाली, त्या आळसाची लाज अजून गेलेली नाही.

संध्याकाळी सीमोल्लंघनाला सगळा गाव वेशीबाहेर, त्याच उताराच्या पायथ्याशी जमला होता. आपट्याच्या फांद्यांचा ढीग पडला होता. संस्थानचे एक अंमलदार नुकतेच बदलून आले होते, ते नवा फेटा बांधून लोकांना सोनं देत उभे होते. एवढ्यात वरून आवाज आला, "सरका, सरका!" बघतो तर गुरुजी. हँडलवर झेंडूची माळ, कोटाची टोकं मागं उडतायत, दोन्ही मुठी आवळलेल्या आणि सायकल वाऱ्यासारखी. लोक दोन्हीकडं पळाले. अंमलदारांना पळायची सवय नसावी. सायकलीचं हँडल त्यांना लागलं, ते एका अंगाला बसले, फेटा दुसऱ्या अंगाला गेला आणि गुरुजी आपट्याच्या ढिगात कमरेपर्यंत शिरले.

कुणाला फार लागलं नव्हतं. गुरुजींचे गुडघे सोलले होते. लोक आधी घाबरले आणि मग जे हसले, ते अंमलदारांच्या वर्मी बसलं.

मी सगळ्यांच्या आधी सायकलीपाशी पोचलो. रिमवर बोट फिरवलं. तेल. आणि मी काय केलं असेल? खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सायकल उचलायच्या मिषानं दोन्ही रिमा, रबरं, सगळं खसाखसा पुसून काढलं. माझी बायको सरू तिथंच उभी होती, तिनं ते पाहिलं. शिपायानं येऊन मूठ आवळून बघितली, तर चाक जागच्या जागी उभं.

"ब्रेक तर ठीक आहे," अंमलदार म्हणाले. "मास्तर, हे काय?"

गुरुजी ढिगातून पानं झटकत उठले. माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. म्हणाले, "घाबरलो साहेब. ब्रेक दाबायचं सुचलंच नाही."

मला वाटलं, खरंच असेल बाबा. माणसाला आपल्या सोयीचं लगेच खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. "मास्तरांसारखा शिकलेला माणूस घाबरतो, तिथं बाकीच्यांचं काय?" अंमलदार म्हणाले. "भाड्याच्या सायकली बंद."

वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पण तोंड माझं पहिल्यापासून जड नाही. म्हणालो, "साहेब, माझं गिऱ्हाईक बिनब्रेकचं थांबतं. अख्ख्या गावाला इचारा."

"असं? मग आठ दिवसांनी त्याच उतारावर, त्याच मास्तरांना, ब्रेक सोडून थांबवून दाखव. रेघ ओलांडली तर दुकानाला कुलूप."

घरी आलो तर सरूनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच म्हणाली, "त्याल तुमी लावलं. सांगा जाऊन." मी म्हटलं, सांगितलं तर आजच कुलूप. ती म्हणाली, "आन् न्हाई सांगितलं तर आठ दिस गाव त्या मानसाला हसंल, त्याचं काय?" मी जेवलो नाही. ती पण नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. गुरुजी. गुडघ्यांना हळदीची पट्टी.

"रामा, मला थांबायला शिकव."

मी वहाणा काढून दिल्या. त्यांनी पंपशू काढून कोपऱ्यात नीट जोडीनं ठेवले आणि मुकाट्यानं टायरच्या वहाणा घातल्या. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. मी नुसतीच सायकल बाहेर काढली.

रोज पहाटे आम्ही उतारावर. आधी सपाटीवर, मग पाव उतारावरून. गुरुजींचा पाय पायडलवरून उचलायलाच तयार नव्हता. उचललाच तर टायरवर असा दाबून धरायचे की मागचं चाक हवेत जायचं, आणि मी सीट धरून मागं धावायचो.

"दाबू नका. टेकवा, उचला. टेकवा, उचला."

"तेच करतोय."

"तेच न्हाई करत. तुमी धरून बसताय."

असं बोलायची मला जन्मात कधी संधी मिळाली नव्हती, त्यामुळं सुरुवातीला बरंही वाटत होतं. पण तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्यांदा पडले आणि रस्त्यातच बसले. पन्नाशीचा माणूस. म्हणाले, "नाही होत रे. वेग आला की डोकं रिकामं होतं."

मला एकदम सुचलं. "गुरुजी, बेचा पाढा म्हणा. उत्तर आलं की पाय टेकवायचा, एरवी वर."

ते उठले, सायकलीवर बसले आणि वर्गात म्हणायचे त्याच ठेक्यात सुरू झाले. बे एके बे, टेक. बे दुणे चार, टेक. तीस वर्षं मुलांकडून घोटून घेतलेला तो ठेका त्यांच्या हाडात होता, तो वेगालाही घाबरला नाही. सायकल झुलत, दमानं खाली आली आणि गुरुजी टाचा घासून उभे राहिले. मी पळत जाऊन त्यांना मिठीच मारणार होतो, पण त्यांनी छडीच्या वेळी बघायचे तसं बघितलं, म्हणून थांबलो.

आठव्या दिवशी वेशीबाहेर दसऱ्यापेक्षा जास्त गर्दी. शिवऱ्याहून, उत्रोलीहून लोक आले. गुरुजींचा अख्खा वर्ग ओळीनं बांधावर बसला होता. भागू धनगर तर टहाळा घेऊनच आला होता, म्हणाला, "लागला तर असू द्या." वडीलही आले. लांब, एका दगडावर, पाठ करून बसले. अंमलदारांसाठी खुर्ची मांडली होती. मी चुन्याची रेघ मारली, ब्रेकच्या दांड्या सोडल्या.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आज तरी बिरेक दाबा." सगळे हसले. गुरुजींनी मान खाली घातली.

ते मला सोसवलं नाही. सरूकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ खुर्चीपुढं जाऊन उभा राहिलो.

"साहेब, गुरुजींची चूक न्हाई. खंडेनवमीला रिमला तेल म्या लावलं. पुसायचं राहिलं. आन् ते पडल्यावर, तुमी बघायच्या आत, म्या उपरण्यानं पुसून टाकलं."

अंमलदार उठले. "म्हणजे आठ दिवस तू मला फसवलंस. मग ही परीक्षा कशाला? आजच कुलूप."

"थांबा साहेब." हा गुरुजींचा आवाज. वर्गातला. खुद्द अंमलदारही थांबले. "चूक त्याची होती, तशी माझीही होती. थांबायला येत असतं तर तेलानं माझं काही बिघडलं नसतं. तुम्ही म्हणालात, मास्तर थांबले तर दुकान चालेल. मग शब्द पाळा. आणि रामा, दांड्या सोडायची काही गरज नाही. त्या जोड. ब्रेक असू दे, आणि रिमला तेल लाव. दसऱ्यासारखंच."

"गुरुजी, नको," मी म्हणालो.

"तेल लाव, रामा."

तेल कुठून आणणार? तर सरूनं पदराआडून बाटली काढून माझ्या हातात दिली. ती बाटली तिनं का आणली होती ते मी अजून विचारलेलं नाही. मी दांड्या जोडल्या आणि अख्ख्या गावासमोर दोन्ही रिमांना तेल चोपडलं. शिपायानं मूठ आवळून बघितली. चाक फिरत राहिलं.

गुरुजी सायकल हातानं ढकलत वर गेले. पार वरपर्यंत, जिथून आम्ही शिकवणीत कधी सुटलो नव्हतो. दुकान मी त्या क्षणाला विसरलो होतो. एवढंच वाटत होतं, देवा, ह्या माणसाला आज पाडू नको.

ते सुटले. वेग चढायला लागला आणि क्षणभर त्यांचा पाय पायडलवरच राहिला. मग वरून खणखणीत आवाज आला.

"बे एके बे."

पाय टेकला. बांधावरच्या मुलांनी आपल्या गुरुजींचा सूर ओळखला. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बे दुणे चार." पाय टेकला. सायकल रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला वळली. "बे त्रिक सहा." आता मोठी माणसंही म्हणायला लागली. शाळेचं तोंड न पाहिलेला भागूसुद्धा ओठ हलवत होता. सायकल झुलत होती, टायरवर वहाण घासल्याचा खर्र खर्र आवाज येत होता, आणि प्रत्येक उत्तराला वेग थोडा थोडा उतरत होता. बे सत्ते चौदा. बे अठ्ठे सोळा. "बे नव्वे अठरा" ला सायकल चालायच्या वेगावर आली. गुरुजींनी दोन्ही टाचा जमिनीला लावल्या.

"बे दाहे वीस," ते म्हणाले आणि उभे राहिले. पुढचं चाक रेघेच्या वीतभर अलीकडं.

मग जो गलका झाला तो काय सांगू? मुलं बांधावरून उड्या मारून धावली. कुणी पागोटी उडवली. माझे वडील दगडावरून उठून आले, टायरच्या वहाणेचा तळ बोटानं दाबून बघितला आणि म्हणाले, "खिळा बरा बसवलाय." वर्षभर न बोललेल्या आणि त्यानंतरही तुटकच बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढं ऐकलं. मला ते भरपूर होतं.

अंमलदार गुरुजींपर्यंत चालत गेले. रेघेकडं बघितलं, चाकाकडं बघितलं. म्हणाले, "दुकान चालू राहील. पण इथं थांबून दाखवल्याशिवाय कोणालाही सायकल द्यायची नाही. अगदी कोणालाही." आणि माझ्याकडं वळून, "रिमला तेल लावलेलं पुन्हा दिसलं तर मी स्वतः कुलूप घेऊन येईन." मी कान पकडले. पुढं लढाई लागली, ब्रेकची रबरं मिळेनाशी झाली, ठिकठिकाणी सायकली भिंतीला लागल्या. माझ्या आठही बोडक्या रोज रस्त्यावर होत्या, आणि वेशीच्या उतारावर त्यांच्यावरून एकही माणूस पडला नाही.

पण त्या दिवसाचं राहिलं. गर्दी पांगल्यावर मी गुरुजींजवळ गेलो. म्हणालो, "तुमी त्या दिवशी खोटं का बोललात? तेल तुमाला कळलं नव्हतं का?"

"आपट्याच्या ढिगात बसलो होतो. समोरच तू उपरण्यानं रिम पुसत होतास. न दिसायला काय झालं?"

"मग बोलला का न्हाईत?"

"वर्गात कुणाचं खोटं सापडलं तर मी लगेच छडी काढत होतो का? आधी त्याला स्वतः सांगायला वेळ देत होतो. तुला आठ दिवस लागले. पाढ्यालाही असाच वेळ लावायचास."

चांगला बायकोमुलांचा माणूस मी, पण वर्गात करायचो तसा उजवा हात तळवा वर करून पुढं धरला. छडी त्यांच्याकडं नव्हती, तरी मी धरला.

गुरुजींनी कोटाच्या खिशात हात घातला. दसऱ्याच्या ढिगातलं आपट्याचं एक पान त्यात राहिलं होतं, आठ दिवसांत सुकून गेलेलं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घे. त्या दिवशी द्यायचं राहून गेलं," ते म्हणाले. "आणि आता जा, आधी ती रिम पूस."